छावणी ते घर : निवाऱ्याचा कायदा, निधी आणि जागा

नदीला पूर आला, दरड कोसळली किंवा जुनी इमारत खचली, की पहिल्या रात्री शाळेचे, देवळाचे अथवा समाजमंदिराचे दार उघडावे लागते. त्या रात्री कोणी कायदा विचारीत नाही आणि निधीचे लेखाशीर्षही शोधीत नाही. माणसांच्या डोक्यावर छप्पर यावे, एवढेच सर्वांच्या मनात असते. परंतु आठ-पंधरा दिवसांनी शाळा पुन्हा भरवावी लागते, आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहतो : छावणीतील कुटुंबांनी जावयाचे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर एकाच कायद्यात सापडत नाही. आपत्कालीन निवाऱ्याची तरतूद एका कायद्यात आहे, तर घरबांधणीची दुसऱ्यात. पहिल्याचा निधी मदतकार्याचा, दुसऱ्याचा निधी विकासाचा. या दोहोंमधील अंतर जेथे जागा, पैसा आणि नोंद या तीन गोष्टींनी भरून काढण्यात आले, तेथे छावणी उठली आणि वस्ती उभी राहिली. जेथे ते अंतर तसेच राहिले, तेथे तात्पुरता निवारा वर्षानुवर्षांचा झाला. महाराष्ट्रातील गृहनिर्माणविषयक कायद्यांचा इतिहास या दृष्टीने पाहणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयुक्त ठरेल.

साथीतून आलेला पहिला कायदा

राज्यातील गृहनिर्माणाच्या कायद्यांचा उगम आपत्तीतच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, कोंदट चाळींत ती झपाट्याने पसरली, आणि १८९८ साली कायदा होऊन मुंबई सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. रस्ते रुंद करणे, अनारोग्यकारक वस्त्या पाडणे आणि नवी घरे बांधणे ही कामे या ट्रस्टकडे होती.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई तीव्र झाली, तेव्हा १९२० साली मुंबई विकास विभाग स्थापन करण्यात आला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील २०७ ‘बीडीडी’ चाळी ही या विभागाचीच निर्मिती होय. त्यासाठी कर्ज उभारण्यात आले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे १ रुपया कर बसविण्यात आला. घरबांधणीला ठराविक उत्पन्नाचा आधार दिला, म्हणजे घरे प्रत्यक्षात उभी राहतात, हा या प्रयत्नाचा धडा होता. या चाळी शंभर वर्षे टिकल्या. त्यांच्या पुनर्विकासातून वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या सदनिका मिळाल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ अस्तित्वात आले आणि औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्न गटासाठी वसाहती बांधण्यात येऊ लागल्या. घर बांधणे हे शासनाचे नियमित काम आहे, हे तत्त्व या कायद्याने मान्य झाले.

उपकर आणि संक्रमण शिबिर

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस धरण्यात आले. भाडेकरूंचा निवारा टिकला, परंतु इतक्या अल्प भाड्यात इमारतीची दुरुस्ती करणे मालकांना परवडेनासे झाले आणि दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. एका कायद्याने राखलेला निवारा दुरुस्तीअभावी धोक्यात आला होता.

त्यावर उपाय म्हणून १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करण्यात आला. मुंबई शहरातील १९,६४२ जुन्या इमारती उपकराखाली आणण्यात आल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात गणल्या गेल्या. उपकराचे उत्पन्न, शासनाचे अंशदान आणि महानगरपालिकेचे अंशदान यांतून दुरुस्तीचा निधी उभा राहिला.

या व्यवस्थेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. इमारत कोसळली किंवा ती रिकामी करणे भाग पडले, तर रहिवाशांना संक्रमण शिबिरात गाळा द्यावयाचा आणि त्या जागी नवी इमारत उभी राहिली, की त्यांना परत आणावयाचे, अशी ही योजना होती. तात्पुरता निवारा आणि कायमचे घर या दोन टोकांना एकाच मंडळाच्या आणि एकाच निधीच्या सूत्रात बांधण्याचा हा स्पष्ट प्रयत्न होय. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ अन्वये गृहनिर्माण मंडळे, दुरुस्ती मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ एका प्राधिकरणाखाली आणण्यात आली. ‘म्हाडा’ या नावाने परिचित असलेले हे प्राधिकरण डिसेंबर १९७७ पासून कार्य करीत आहे.

तथापि, सूत्राचा एक पदर कच्चा राहिला. अनेक भूखंड इतके अरुंद होते, की नियमांप्रमाणे तेथे सर्व रहिवासी मावतील अशी इमारत बांधणे शक्य नव्हते. काही ठिकाणी मालकीचे वाद निघाले. परिणामी थोड्या काळासाठी शिबिरात गेलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांची मुले तेथेच वाढली आणि त्यांचे संसारही तेथेच उभे राहिले. कायदा होता, निधीही होता, परंतु परतावयाची जागा निश्चित नव्हती.

झोपडपट्टी : निर्मूलनापासून पुनर्वसनापर्यंत

महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ याच्या नावातच शासनाच्या बदलत गेलेल्या धोरणाचे तीन टप्पे दिसतात. झोपडपट्टी क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या वस्तीतून सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून रहिवाशांना हुसकावता येत नाही, ही या कायद्यातील महत्त्वाची तरतूद आहे. जानेवारी १९७६ मध्ये झोपडपट्ट्यांची गणना होऊन ओळखपत्रे देण्यात आली. ज्याचे नाव नोंदीत आहे त्यास पर्यायी जागेचा दावा सांगता येऊ लागला.

या नोंदीचे मोल १९८५ साली स्पष्ट झाले. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील रहिवाशांना हटविण्याची कारवाई सुरू झाली होती. त्या संबंधात ओल्गा टेलिस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने मानले. पदपथ अडविण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत कोणाला हटवू नये, असेही निर्णयात होते. पावसाळ्यात कोणाचे छप्पर काढू नये, ही लोकव्यवहारातील जाणीव त्यामुळे न्यायालयाच्या आदेशात उतरली.

त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप, गोराई, मालवणी येथे पाणी, रस्ते व मलनिःसारणाच्या सोयींसह छोटे भूखंड देण्यात आले आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, असे ठरले. शासनाने बांधावयाची गोष्ट म्हणजे प्रामुख्याने सुविधायुक्त जागा, हा विचार त्यामागे होता.

१९९५ साली झोपडपट्टी अधिनियमात नवे प्रकरण घालण्यात येऊन झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. पात्र कुटुंबास विनामूल्य सदनिका द्यावयाची आणि तिचा खर्च त्याच जमिनीवरील अतिरिक्त बांधकामाच्या विक्रीतून भागवावयाचा, हे या योजनेचे अर्थशास्त्र होय. सदनिकेचे क्षेत्रफळ आरंभी २२५ चौरस फूट होते, पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. या पद्धतीत शासनाच्या तिजोरीवरील भार कमी असतो. परंतु जेथे जमीन महाग आहे तेथेच ती चालते. जेथे विक्रीची सदनिका घेणारा कोणी नाही, अशा लहान गावात तिच्या भरवशावर एकही घर उभे राहणार नाही. यास्तव ग्रामीण भागाचा विचार निराळ्या पायावर करावा लागतो.

आपत्तीनंतरचे पुनर्वसन : चार उदाहरणे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांसाठी अर्धवर्तुळाकार पत्र्यांच्या निसन हट उभारण्यात आल्या आणि पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. शहराच्या कडेला जागा तातडीने उपलब्ध झाल्यामुळे निवाऱ्याचे घरात रूपांतर झाले. परंतु जमिनीच्या मालकी हक्काचा प्रश्न पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांना पुढे अनेक दशके पुरला. घर मिळाले, तरी नोंद पूर्ण झाली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदे कोसळल्यामुळे हानी वाढली. पत्र्यांच्या शेडमध्ये तात्पुरती सोय करून शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत दीड लाखांहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती अथवा बळकटीकरण झाले. या दुसऱ्या भागात रक्कम टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या बँक खात्यात जमा होत असे, अभियंता मार्गदर्शन करीत असे आणि काम कुटुंब स्वतः करवून घेत असे. गावोगावी नेमलेल्या ‘संवाद सहायक’ महिलांनी कुटुंब आणि यंत्रणा यांच्यात दुवा साधला. भूकंपाला तोंड देणारी भिंत कशी बांधावी, हे ज्ञान त्यामुळे गवंड्यांपुरते न राहता घराघरांत पोहोचले.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. आमडे येथे नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये कुटुंबांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या वर्षीच्या पहिल्याच पावसात तेथील काही भराव व रस्ते खचले. डोंगराळ भागात केवळ जागा मिळून भागत नाही. भूवैज्ञानिक तपासणी आणि पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था बांधकामाआधी व्हावी लागते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौक परिसरात कंटेनरच्या घरांत ठेवण्यात आले आणि सिडकोमार्फत पक्की घरे बांधण्याचे ठरले. तात्पुरत्या निवाऱ्याची व्यवस्था चालू असतानाच कायमच्या घरांची जागा व यंत्रणा निश्चित करण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे.

निधीच्या दोन थैल्या

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये मदत छावणीतील निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छता यांची किमान मानके ठरविण्यात येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार प्रत्येक व्यक्तीस ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा, दर ३० व्यक्तींमागे एक शौचालय आणि पिण्यासाठी दररोज किमान ३ लिटर पाणी मिळावयास हवे.

या मानकांचा हिशेब शाळेला लावून पाहावा. ७ मीटर लांब व ६ मीटर रुंद वर्गखोलीचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर होते. तीत १२ व्यक्तींची सोय होऊ शकते. चार खोल्यांच्या शाळेत ४८ व्यक्ती मावतील. त्यांना किमान २ शौचालये आणि केवळ पिण्यासाठी दररोज १४४ लिटर पाणी लागेल. ज्या गावाच्या पूररेषेत २०० माणसे राहतात, तेथे अशी एक शाळा पुरणार नाही, हे पावसाळ्यापूर्वी कागदावरच कळून येते.

छावणीचा आणि पडझडीचा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून होतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या दरांप्रमाणे पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये, कच्च्या घरासाठी ४,००० रुपये आणि झोपडीसाठी ८,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले.

दुसरी थैली घरकुलाची. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. तीत केंद्र व राज्य यांचा वाटा ६० : ४० असा आहे आणि साहाय्याची रक्कम सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहे. घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर असावे लागते. राज्य शासनाच्या रमाई, शबरी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि मोदी आवास या योजना निरनिराळ्या समाजघटकांसाठी आहेत.

शहरातील बेघरांचा प्रश्न याहून वेगळा आहे, कारण त्यांची आपत्ती रोजचीच असते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे एक कायम निवारा असावा, असे निर्देश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात प्रत्येक व्यक्तीस ५० चौरस फूट जागेचे प्रमाण धरून अशा निवाऱ्यांना निधी देण्यात आला. ते अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपले. केंद्राच्या योजनेची मुदत संपली, तरी निवाऱ्यात झोपणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. यास्तव नगरपालिकांनी या खर्चाची तरतूद आपल्या अर्थसंकल्पात दरवर्षी करणे अगत्याचे आहे.

जागा हाच दुवा

वरील दोन्ही थैल्यांतील रक्कम घर बांधण्यासाठी आहे, जागेसाठी नाही. ज्याचे घर नदीपात्रालगत होते किंवा दरडीखालील उतारावर होते, त्याने १ लाख २० हजार रुपये घेऊन त्याच ठिकाणी पुन्हा घर बांधले, तर पुढील आपत्तीची पायाभरणी शासनाच्या पैशातूनच झाली, असे होईल. आणि जो भूमिहीन आहे, त्यास मंजूर झालेले घरकुलही बांधता येत नाही.

ही अडचण ओळखून राज्याने २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना सुरू केली. भूमिहीन पात्र लाभार्थ्यास जागेसाठी आरंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळे. पुढे ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे अटींच्या अधीन राहून नियमित करण्याचा निर्णय २०१८ साली झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. म्हणजे गावठाण अपुरे पडत असेल, तर ते वाढविण्याची वाट कायद्यात आहे. तिचा वापर मात्र आपत्तीपूर्वी व्हावयास हवा. पूर ओसरल्यावर जमिनीचा शोध सुरू केला, की मोजणी, हरकती आणि किमतीचे वाद यांत महिने जातात.

नोंदीचेही तसेच आहे. ड्रोनच्या साहाय्याने होणाऱ्या गावठाण भूमापनातून घरमालकांना मालमत्ता पत्रक मिळू लागले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी या पद्धतीचा पहिला प्रयोग झाला. ज्या कुटुंबाच्या हाती हे पत्रक आहे, त्याच्या पडलेल्या घराचा पंचनामा, साहाय्य आणि बँकेचे कर्ज या तिन्ही गोष्टी सुकर होतात.

स्थानिक पातळीवरील कर्तव्ये

कायदा विधिमंडळात होतो आणि निधी मंत्रालयातून येतो, परंतु छावणी व घर यांना जोडण्याचे काम गावातच होते. त्यासाठी पुढील बाबी पावसाळ्यापूर्वी पूर्ण होणे इष्ट आहे.

१. ग्रामपंचायतीने पूररेषेतील, दरडप्रवण उतारावरील आणि मोडकळीस आलेल्या घरांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. यादीत भाडेकरू, परित्यक्ता स्त्रिया व हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे वगळली जाऊ नयेत.

२. मुख्याध्यापकांनी शाळेतील खोल्या, शौचालये व पाणीसाठा यांचे मोजमाप करून किती माणसांची सोय होऊ शकते, हे लेखी नोंदवावे. शाळा किती दिवसांत मोकळी व्हावी, हेही त्याच वेळी ठरवावे. शाळा ही छावणी होऊ शकते, परंतु दीर्घकाळ तशीच राहिली, तर गावातील सर्व मुलांचे नुकसान होते.

३. महसूल अधिकाऱ्यांनी प्रत्येक धोकाप्रवण गावासाठी सुरक्षित पर्यायी जागा आधीच हेरावी आणि तिची तपासणी करून ठेवावी. शेती, पाणी व शाळा यांपासून जागा फार दूर असेल, तर कुटुंबे जुन्या घराकडे परत फिरतात.

४. पंचनामा वेळेत व्हावा आणि त्याची प्रत कुटुंबास द्यावी. नव्या घराची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे किंवा स्त्रीच्या नावे करावी.

५. आपत्तीचे साहाय्य, घरकुल व जागा खरेदी या योजनांपैकी कोणते कुटुंब कशास पात्र आहे, हे गट विकास अधिकारी व तहसीलदार यांनी एकत्र बसून ठरवावे. लोकांना दोन कार्यालयांत हेलपाटे घालावयास लावू नये.

छावणी उघडताच तेथे एक नोंदवही ठेवली जाते. कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या, दिलेले धान्य आणि पांघरुणे यांसाठी तीत रकाने असतात. त्यांत आणखी दोन रकान्यांची भर घालावी : या कुटुंबाची कायमची जागा कोणती, आणि तेथे घर केव्हा उभे राहणार? पहिल्या दिवशी हे रकाने कोरे असतील. परंतु दर आठवड्याच्या बैठकीत ते वाचले गेले, तर ते कोरे का राहिले याचा जाब कोणाला तरी द्यावा लागेल.